सगळ्याले नाही म्हण

नाव नका लिहू बरं ताई, माझं नका लिहू अन् गावाचंही नका लिहू, लिहायचंच असलं त हिवरा आश्रमाकडची पोरगी आहे असं लिहा, तिकडं लई गावं आहेत, त्यातली कोणती ते कोणाले समजते. अन् ते दार लोटू नका, उघडंच राहू द्या, लोटलेलं दार दिसलं का लोकं उभे राह्यतात, आत काय चालू आहे म्हणून. माझं सगळं तठूनच सुरू झालं, लोटलेल्या दारातून. माय तठी ओट्यावर गहू निवडून राह्यली, तिले ऐकू येते, येऊ द्या. तुम्ही तिच्या वळखीच्या म्हणून बोलून राह्यली, नाही त मी बोलणारी नाही.

आमचे बाबा पिठाच्या गिरणीवर कामाले होते, घरी येत त भुवया पांढऱ्या, आम्ही हसत होतो, ते हसत नव्हते. मी मोठी, मंग दोघी बहिणी. मी आठवीपर्यंत शिकली, नववीची शाया दुसऱ्या गावाले, पायी जावं लागे, रस्त्यात पानठेला होता, तठी पोट्टे बसत, मंग बाबा म्हणे पुरे. पुरे म्हणजे पुरे, मले काही विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही. शायेतही असंच, सर विचारत कोणाले येते, हात वर करा, मले येत होतं तरी मी हात वर केला नाही कधी. काय सांगू तुम्हाले, माह्या जिंदगीत मले कोणी विचारलंच नाही का तुले काय वाटते म्हणून. पाहाले आले तवा विचारलं, नाव काय, सायपाक येते का, शिलाई मशीन चालवता येते का, जराशी चालून दाखव. पोरगा पसंत आहे का हे नाही विचारलं. पोरगा खाली पाहून पोहे खाऊन राह्यला होता, मले त्याच्या डोक्याचा भांगच दिसला फक्त. असं माझं लग्न झालं.

सासर जानेफळच्या बाजूचं. हे रंगकाम करतात, घराले रंग देतात, मेहकरापर्यंत जातात, दिवाळीच्या आधी त घरी पाय टेकत नाही इतकं काम. गावात काम असलं का मले संग नेतात, शिडी धराले. हे वर, मी खाली, दोन्ही हातानं शिडी धरून, डोयात चुन्याचे थेंब पडतात, पण हात सोडता येत नाही. वाईट नाहीत ते तसे. दारू नाही पीत, सणालाच जराशी. गुड्डीले मेहकराहून येताना काही ना काही आणतात, केळ आणतात, फुगा आणतात. पण हात उठते त्यायचा. आता मी काय सांगू. लग्नाच्या वर्षी मी संक्रांतीले शेजारी हळदीकुंकवाले गेली, सांगून नाही गेली, सासूबाई झोपल्या होत्या, म्हटलं येतोच आत्ता. आली त हे दारात उभे. तवा पहिल्यांदा. हळदीकुंकू कपाळाले तसंच होतं. सासूबाई उठून आल्या अन् म्हणाल्या, सांगून जायला काय झालं होतं तुले, तोंड नव्हतं का. मंग मले वाटलं खरंच, सांगून जायला काय झालं होतं मले.

तसं मग चालतच राह्यलं, भाजी खारट झाली तवा, गुड्डी ओट्यावरून पडली तवा, मी उलट बोलली तवा. उलट म्हणजे काय, मी म्हटलं मी नव्हती तठी, मी कपडे धुवून राह्यली होती. ते उलट बोलणं झालं. शेजारच्या घरातूनही आवाज येत, कधी इकडून कधी तिकडून, दुसऱ्या दिवशी हातपंपावर कोणी कोणाले काही विचारत नाही, हंडा भरून घेतात अन् पाण्याची धार बारीक झाली यावरच बोलतात सगळ्या.

त ते सर्वेचं. उन्हाळा लागला होता. एक दिवस दोन माणसं आली अन् घराघराच्या भिंतीवर खडूनं नंबर टाकून गेली. आमच्या चौकटीच्या बाजूलेही टाकला. कायचा नंबर म्हटलं त ते म्हणाले सर्वे आहे. बस, एवढं बोलले अन् गेले. त्यायच्या मांगं सारं गाव बोलाले लागलं. कोणी म्हणे घरकुल येऊन राह्यलं, कोणी म्हणे ज्याच्या घरी टीव्ही, गाडी दिसली त्याचं नाव कटते. मांगच्या खेपेले एकाचं असंच कटलं म्हणे, फ्रीज दिसला म्हणून. आमचं घर मातीचंच आहे ताई, मांगची भिंत पावसायात फुगते, खोटं काही नाही त्यात. सासूबाईनं पोट्ट्यायले त्या खडूच्या नंबराले हात लावू दिला नाही, भिंत सारवली त तेवढी जागा सोडून सारवली.

मंग सासूबाईनं मले समोर बसवलं अन् सांगतलं, बाई येणार हाय सर्वेवाली, ती बायकायलेच विचारते, तुलेच विचारंल, तू लंबं काही बोलू नोको, तुले बोलता येत नाही, काही चुकीचं बोलून बसशीन. सगळ्याले नाही म्हण. टीव्ही हाय का, नाही. गाडी हाय का, नाही. काहीही विचारू दे, नाही म्हणाचं अन् चूप बसाचं. समजलं का? मी म्हटलं हाव. त्या म्हणे, हाव नोको म्हणू, नाही म्हणाची सवय लाव. हे हसले त्याच्यावर. खाटेवर बसून चहा पिऊन राह्यले होते, मले म्हणे, चाल बोल वो, पंखा हाय का? मी म्हटलं नाही. वर पंखा फिरून राह्यला होता. सारे हसले, मी बी हसली. तो दिवस चांगला गेला आमचा.

सर्वेवाली आली त्या दिवशी टीव्हीवर चादर टाकली, त्यावर गुड्डीचे कपडे टाकले, गाडी यायच्या, म्हणजे ह्यांच्या, मित्राच्या अंगणात लावून ठेवली. आली त पोट्टीच होती ती, माह्यापेक्षा लहान दिसे, तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला, बुलढाण्याहून यष्टीनं आली होती अन् फाट्यापासून पायी. पाणी दिलं त दोन गिलास प्यायली. हातात ते पाटीसारखं मशीन. सासूबाई खाली बसल्या, मी बसली, शेजारच्या बाया दारात आल्या, त ती म्हणे मावशी, एकटीले विचारा लागते, नियम आहे. सासूबाई म्हणे एकटीले काऊन, आम्ही का खाऊन टाकतो तिले? ती म्हणे नाही मावशी, आम्हाले वरून सांगतलं, कोणी बसलं असलं त सर्वे घ्यायचाच नाही. आता सर्वे घेतला नाही त घरकुल जाते न. मंग सासूबाई उठल्या, बायायलेही उठवलं, बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसल्या, दाराले लागूनच. पोट्टीनं दार लोटलं. मी त्या घरात दिवसा कधी लोटलेल्या दारात बसली नव्हती.

तिनं वाचून दाखवलं, तुमचं नाव कोणाले सांगणार नाही, तुम्हाले वाटलं तर उत्तर देऊ नका. मी म्हटलं नाही. ती म्हणे काय नाही? मंग तिनं सुरू केलं. टीव्ही? नाही. फ्रीज? नाही. पंखा? नाही. तिनं वर पाह्यलं, मी खाली पाह्यलं. गुड्डी माह्या मांडीवरून उतरली अन् चादर उचलून तिले म्हणे, हे पाह्य टीव्ही. त्या पोट्टीनं गुड्डीच्या गालाले हात लावला अन् पुढं गेली. बाजारात एकट्या जाता का? नाही. माहेरी जायचं कोण ठरवते, तुम्ही ठरवता का? नाही. स्वतःचा मोबाइल? नाही. तुमच्या पोरीनं मोठी होऊन नोकरी करावी असं वाटते का? नाही म्हणून बसली मी, ताई, तेही नाही म्हटलं, तोंडात नाही बसूनच गेलं होतं, मंग वाटलं अरे हे काय म्हटलं मी. बाहेर शेंगायचा आवाज येऊन राह्यला होता, कट् कट्. मी नाही म्हणलं का तो आवाज चालू राहे, म्हणून मले समजे सासूबाईले बरं वाटून राह्यलं.

एक विचारलं तिनं, समजा दहा पायऱ्यायची शिडी आहे, सगळ्यात वर चांगलं जगणं अन् सगळ्यात खाली वाईट, तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? इथं नाही म्हणता येत नव्हतं. मी लई येळ विचार केला. मी म्हटलं शिडीवर हे असतात, मी खाली धरून उभी राह्यतो. ती बोटानं दाबाले गेली अन् थांबली. मंग म्हणे ताई, नंबर सांगा लागते. मी म्हटलं मंग खालचा टाका जो असंल तो.

मंग तिनं आवाज बारीक केला. आता मी काही गोष्टी वाचतो, म्हणे, नवऱ्यानं बायकोले मारणं बरोबर आहे का ते सांगायचं. बायको न सांगता घराबाहेर गेली त? मी म्हटलं नाही. उलट बोलली त? नाही. लेकराकडे ध्यान दिलं नाही त? नाही. सायपाक बिघडला त? नाही. धडाधडा, जसं टीव्हीले नाही म्हटलं होतं तसंच. ती थांबली. माह्याकडे पाह्यलं तिनं, चांगलं पाह्यलं, अन् म्हणे ताई, तुम्ही ऐकून सांगून राह्यल्या का नुसतंच? मी परत विचारतो, घाई नाही, तुम्हाले काय वाटते ते सांगा. न सांगता गेली त मारणं बरोबर आहे का?

तुम्हाले काय वाटते. असं म्हटलं तिनं. मले ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. बाहेर शेंगा थांबल्या होत्या का चालू होत्या ते आठवत नाही. मंग मी नाही म्हटलं. ते मीच म्हटलं, ताई. ते सासूबाईनं शिकवलेलं नाही, ते माझं. पुढचे सारेही तिनं परत विचारले, सावकाश, अन् मी सावकाश नाही म्हटलं, अन् माह्या अंगातून कसंतरी व्हाले लागलं, ताप उतरताना होते न तसं. ती मशीनकडे पाहून बोलली, मले सांगतलं नाही पाहिजे पण, म्हणे, या गावात आज पहिल्यांदा कोणी नाही म्हटलं. मी म्हटलं म्हणजे? ती म्हणे सगळ्या हो म्हणतात, ताई.

तवा मी भेली. म्हटलं मंग पुसून टाका, हो करून टाका. ती म्हणे पुसू का? येते पुसता, मांगं जाता येते. बोट तसंच धरून बसली. अन् मी काय म्हटलं माहीत आहे का, मी म्हटलं राहू द्या. काऊन म्हटलं काय माहीत. एवढ्या साऱ्या बाया हो म्हणतात त एक नाही असला त कोणाले दिसते, असं वाटलं असंल. मंग लगेच तिनं पुढचं विचारलं, तुमच्या नवऱ्यानं तुम्हाले कधी मारलं का? मी म्हटलं नाही. झटकन म्हटलं. तिनं परत नाही विचारलं ते.

जाताना नंबर मागतला, ऑफिसातून फोन येऊ शकते, चेकिंगचा. माह्याजोळ फोन नाही, यायचा नंबर सासूबाईनं दिला. ती गेली त सासूबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला, म्हणे बराबर बोलली, मी ऐकून राह्यली होती, एकही हो नाही म्हटलं. प्रश्न त्यायले ऐकू नव्हते आले, ती पोट्टी हळू बोले, माझंच ऐकू गेलं. त्या दिवशी मले ताटात शिकरण वाढलं त्यायनं.

दोन-चार दिवसानं गिरणीवर शेजारची रेखाबाई भेटली, दळण टाकून बसलो होतो आम्ही. गिरणी चालू असली का बोललेलं कोणाले ऐकू जात नाही, म्हणून तिनं माह्या कानाले तोंड लावलं अन् म्हणे तुलेही ते विचारलं का वो, माराचं? मी म्हटलं हाव. ती म्हणे मी त हो म्हणून मोकयी झाली बाई, आपल्या बोलण्यानं कोणाचा हात थांबते का, उद्या कोणी ऐकलं त अजून चार बसायच्या. तू काय म्हटलं? मी म्हटलं मीही तेच. तिच्या मनगटावर बांगडीच्या काचाचं लागलेलं होतं, नवंच होतं, ती पदरानं झाकून दळणाचा डब्बा उचलून गेली. मी नाही सांगतलं तिले. सांगाले पाहिजे होतं का काय माहीत.

मंग पाऊस होऊन गेला, खडूचा नंबर पुसला, घरकुलाचं कोणी बोलेना. अन् एका रविवारी, हे घरीच होते, गुड्डीची वेणी घालून राह्यली होती मी, यायचा फोन वाजला. यायनं ऐकलं अन् एकदम उभे राह्यले. हाव साहेब, हाव मॅडम, घरीच हाय, देतो देतो. फोनवर हात ठेवून म्हणे, चेकिंग हाय, सर्वेचं, परत विचारून राह्यले. सासूबाई चुलीजवळून धावत आल्या, म्हणे तवा जे सांगतलं तेच सांग, एकही शब्द फिरवू नोको, फिरला का कटते नाव. हे म्हणे थांब, आवाज मोठा करतो, म्हणजे आपल्यालेही समजंल. फोन खाटेवर ठेवला मधात, चोहीकडून आम्ही. मी, हे, सासूबाई, गुड्डी माह्या मांडीत, अर्धी वेणी झालेली.

फोनवर बाईच होती, दुसरी, शहरातली बोली. नमस्कार ताई, दोनच मिनिटं घेते. तुम्ही आत्ता एकट्या आहात ना? यायनं मान हलवली, हो म्हण. मी म्हटलं हो, एकटीच आहो. घरी टीव्ही? नाही. फ्रीज? नाही. सासूबाई मान डोलवत होत्या, शाबास म्हणल्यासारखी. मले समजून राह्यलं होतं ताई, काय येऊन राह्यलं ते. गाडी येताना दुरून दिसते अन् पाय हलत नाही, तसं. अन् आलंच. ती बाई म्हणे, बायको न सांगता घराबाहेर गेली तर नवऱ्यानं तिला मारणं योग्य आहे, असं तुम्हाला वाटतं का?

सासूबाईची मान हलता हलता थांबली. यायनं फोनकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. त्यायले वाटलं असंल कायचा प्रश्न आहे हा, घरकुलाचा अन् याचा काय संबंध. मले आताही वाटते, हो म्हटलं असतं त काय झालं असतं. पण सांगतलं होतं न तेच सांग म्हणून, शब्द फिरवू नोको म्हणून. अन् ते नाही माझं होतं. दोन्ही एकच झालं त्या येळेले. मी म्हटलं नाही. बारीक आवाजात. त ती म्हणे ताई, आवाज नाही आला, परत सांगता का? परत म्हणा लागलं, मोठ्यानं. नाही.

हे काहीच बोलले नाहीत. बोलू शकत नव्हते न, फोन चालू होता, मी एकटी होती न फोनवर. हात फक्त मांडीवर घट्ट झाला, मुठीवरचा पांढरा रंग दिसे, आदल्या दिवशीचं काम होतं. मले एकदम समजलं का जोवर ही बाई बोलून राह्यली तोवर मले काही होत नाही. मंग मी काय केलं, मी म्हटलं आवाज कटून राह्यला, परत सांगा. तिनं विचारलं, पाणी कोठून भरता? मी म्हटलं हातपंपावरून, पण उन्हाळ्यात विहिरीवरून, पण ती विहीर लांब आहे, तठी पायऱ्या तुटलेल्या आहेत, सारं सांगाले लागली मी, ज्या बाईनं एक शब्द बोलायचा नव्हता ती बोलूनच राह्यली. सरपण कोठून आणता ते सांगतलं, गुड्डीले गोवर निघाला होता तेही सांगतलं, तिनं विचारलं नव्हतं. ती बाई म्हणे छान माहिती दिलीत ताई. मी म्हटलं अजून विचारा न. ती हसली, म्हणे झालं ताई, संपलं, धन्यवाद. मी म्हटलं अजून काही राह्यलं असंल, पाहा न, मांगं पाहा. धन्यवाद ताई, म्हणे. अन् फोन बंद झाला, त्यावरचा उजेड गेला. सासूबाईनं गुड्डीले उचललं माह्या मांडीतून अन् बाहेर नेलं.

पुढचं नाही सांगत. या कानात आता शिटी वाजल्यासारखं होते, दिवसभर, या बाजूनं कोणी बोललं त मले मान फिरवा लागते. मेहकराले दवाखान्यात नेलं यायनंच. डॉक्टरनं विचारलं कसं झालं, हे म्हणे शिडीवरून पडली. मी कधी शिडीवर चढली का, ताई? डॉक्टरनं माह्याकडे पाह्यलं, मी मान हलवली, हाव. गाडीवरून येताना हे रडले, खरंच रडले, म्हणे साऱ्या दुनियेसमोर माझी काय किंमत ठेवली तू. मी म्हटलं त्यात नाव नसते. ते म्हणे नाव नसलं तरी घर आपलंच आहे न.

घरकुल आलं, ते वरच्या आळीतल्या दोघायले आलं. आमचं नाही आलं. घरकुल कशानं येते अन् कशानं जाते मले माहीत नाही, पण घरी सारे म्हणतात तुह्या त्या नाहीनं गेलं. मी सासूबाईले म्हटलं, आत्या, तुम्हीच म्हणाल्या होत्या सगळ्याले नाही म्हण. त त्या म्हणे अक्कल नाही का तुले, टीव्हीचं नाही वेगळं अन् हे वेगळं, हो म्हणाले तोंड झिजत होतं का? हे त्या नंबरावर फोन लावतात, अजूनही लावतात, त्यायले सांगायचं आहे का बायको चुकून बोलली, दुरुस्त करा. लागतच नाही तो नंबर. त्याचा राग मंग माह्यावर. गावातही समजलं, कसं समजलं काय माहीत. हातपंपावर मी गेली का बोलणं थांबते, रेखाबाई तेवढी एकदा माह्या हंड्याले हात लावून गेली, डोक्यावर चढवून दिला.

म्हणून मी इथं आली, गुड्डीले घेऊन, मायजोळ. किती दिवस ठेवंल माय, बाबा आता नाहीत, तिच्या मांगं दोघी पोरी उरल्या लग्नाच्या. तीही म्हणते, ऐकून राह्यली न ती, ऐकू द्या, ती म्हणते तुह्या बाबानं का मले कधी मारलं नाही, मी का गेली कोणाले सांगाले, पिठाच्या हातानं मारत, गालावर पांढरं उठे, मी पुसून भाकरी थापाले बसो. एवढं सारं तिनं मले आताच सांगतलं, मी स्वतः लेकीची आई झाल्यावर. मले वाटत होतं बाबा तसे नव्हते.

आज येऊन राह्यले ते न्यायले, हे अन् यायचे काका. काकानं फोनवर मायले सांगतलं, पोरीनं चार माणसात चुकलं म्हणाचं, बस, बाकी काही नाही, आम्ही का पोरीले टाकून देऊन राह्यलो का. मी म्हणीन चुकलं. न म्हणून करू काय, गुड्डीले ठेवून घेतलं त? सासूबाई म्हणतच होत्या, पोरगी आमच्या घरची आहे. एकच आहे का ते मशीनमध्ये गेलं ते गेलं, ते कोणाले पुसता येऊन नाही राह्यलं. कोठी आहे, कोण पाहते, काही माहीत नाही, त्याचं कोणी काय करते तेही माहीत नाही. मले त्याचा आधार वाटते का भेव वाटते, तुम्ही विचाराल त मले सांगता नाही येणार. त्या बुलढाण्याच्या पोट्टीनंच पुसतो म्हटलं होतं, मीच राहू द्या म्हटलं.

थांबा, गाडीचा आवाज आला वाटते. एकाच कानानं येते ऐकू, तरी आला. तुमचा मोबाइल पिशवीत टाका ताई, माझं बोलणं आहे त्यात, वरती दिसू देऊ नका. पण तुम्ही बसा, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, कोणी विचारलं त मायकडे शिवणाचं पाहाले आली म्हणा. देव तुमचं भलं करो, तुमच्या घरी सारे सुखात राहोत, एवढं ऐकलं तुम्ही. गुड्डे, इकडं ये, ताईनं मघाशी विचारलं होतं न तुले, मोठी होऊन काय होशीन म्हणून, सांग ताईले. पाह्यलं का ताई, आधी दाराकडे पाह्यलं तिनं, कोण आहे म्हणून. चार वर्षाची आहे. सांग बाई, सांग, ते आता अंगणातच आहेत, चपला काढून राह्यले, लवकर सांगून टाक.